दोंडाईच्याचा पिन

अरविंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला ऑफिसात होतो. "झोपेतच गेला," एवढंच त्याचा मेहुणा म्हणाला. एसटीनं जळगाव गाठेपर्यंत मला त्याचा रागच येत होता... पन्नाशीही न गाठता माणूस असा निघून जातोच कसा?

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. नव्वदनंतर त्यानं राहत्या घरातच कॉम्प्युटर क्लास काढला आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं त्याला झपाटलं. बाजारात गेला की भाजीची पिशवी तिथंच विसरून यायचा, पण मला शिकवायचा, "पिनकोड म्हणजे नुसता आकडा नाही रे, ती एक वस्तू समज. आपलं खरंखोटं तिचं तिलाच तपासता आलं पाहिजे." एका नर्सिंग शाळेच्या अर्जांसाठी त्यानं तसा प्रोग्रॅम लिहिला. सहा अंक हवेत, पहिला शून्य नको, आणि जिल्हा धुळे असेल तर सुरुवात ४२४ नंच. या शेवटच्या अटीवर स्वारी फार खूश होती. पण दोंडाईचा धुळे जिल्ह्यात असूनही तिथला पिन जळगावसारखा ४२५ नं सुरू होतो. मशीन तो घेईना. ऑपरेटरनं कंटाळून धुळे शहराचा पिन घातला, तो मशीननं मुकाट घेतला, आणि दोंडाईच्याच्या एका मुलीचं मुलाखतीचं पत्र धुळ्यात फिरून, मुलाखत उलटल्यावर घरी पोचलं. तिची जागा गेली.

कळल्याबरोबर अरविंदनं ती अट काढली आणि मला घेऊन दोंडाईचा गाठलं. मुलीच्या वडिलांनी चहा दिला. "आम्ही त नंबर बरोबरच लिखेल व्हता, भाऊ," ते म्हणाले. "तुमना मशीनले तो खोटा काबरं वाटना?" मुलगी बाहेर आलीच नाही. अरविंदनं शाळेत खेटे घातले, पण पुढच्या प्रवेशाआधीच तिचं लग्न होऊन गेलं. मी समजूत घालायचो, "अरे, पिन ऑपरेटरनं बदलला." त्यावर तो म्हणायचा, "खऱ्याला मी नाही म्हटलं, म्हणून बदलला."

परवा क्लासच्या खोलीत वहिनींनी त्याचं मशीन सुरू करून दिलं. पिनच्या रकान्यात मी मुद्दाम पाचच अंक टाकले. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी ओळ आली: माझं चुकत असेल. पुन्हा एकदा सांगता का?

"आधी इथं नुसतं 'चूक' यायचं," वहिनी म्हणाल्या. "दोंडाईच्याहून आले आणि हे लिहीत बसले."

नाही रे अरविंद, या वेळी चूक माझी आहे, एक अंक मीच टाकला नाही... पण हे आता सांगू कुणाला?