उंबऱ्याबाहेरचं ऑम्लेट

दोष आबांचा. हे पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पोरानं मोठ्या माणसाचं नाव आडून आडून घेतलं. आबा म्हणजे माझे मोठे काका, पप्पांचे थोरले भाऊ. शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले आणि लगेच अंबडच्या आमच्या घराचे हेडमास्तर झाले. इथं सुट्टीची घंटा नाही.

आता किस्से. ज्या घरात अंडं चालतं तिथं अंड्याचे किस्से होत नाहीत, नुसता नाश्ता होतो. किस्से साठतात ते 'आमच्यात चालत नाही' म्हणणाऱ्या घरात. कवचांसारखे! आज टाकू, उद्या टाकू करत काळ्या पिशवीत दाबत राहायचं, आणि एक दिवस पिशवी फाटते. ही फाटलेली पिशवी समजा.

मी जालन्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो. मधेच सोडला. वर्कशॉपात चालू कंडिशनमध्ये एकच मशीन होतं, छताचा पंखा. तोबी लाईट असली तर. जे काही शिकलो ते रूमवर शिकलो, आणि ते म्हणजे भरलेलं ऑम्लेट.

घरी आल्यावर म्हणालो, "कोर्टाच्या रस्त्याकडची आपली पुढची खोली रिकामी पडलीय. आत नुसती रद्दी अन् आबांच्या सत्काराच्या शाली. मला द्या. तारखेला येणारी माणसं सकाळी एसटीतून उपाशी उतरतात. चहा-ऑम्लेटचं सेंटर टाकतो."

आबांनी चष्मा काढला. "आपल्या घराण्यात? अंडं?"

जसं काही मी खोलीत मगर पाळतो म्हणालो होतो!

"बघू मंग," पप्पा म्हणाले. आमच्या घरात 'बघू मंग' याचा अर्थ नाही असाच असतो, फक्त तो कळायला वर्ष लागतं.

*

घरचे नियम असे. अंडं घरात येणार नाही. मागच्या अंगणात पत्र्याखाली छोटी गॅसची शेगडी, तिथं काय करायचं ते कर. तवा न्हाणीच्या मागच्या खिळ्याला. त्याचं फडकं वेगळं, वाटी वेगळी, उलथणं वेगळं. खायला कागदी द्रोण, घरची ताटली नाही. मागच्या दाराचा उंबरा ही बॉर्डर. अंडं उंबऱ्याच्या आत आलं तर पाप. बाहेर राहिलं तर 'पोराचं वय आहे, खाऊ द्या.'

मी विचारलं, "आबा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"पोथी वाचायची सवय असती तर कॉलेज सोडलं असतं का?"

एकदा आईनं चुकून तो तवा बाकीच्या भांड्यांबरोबर घासायला घेतला. काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, पाहिलं. मंग काय! मोरी धुतली, ओटा धुतला, गोमूत्र शिंपडलं, सगळी भांडी उन्हात मांडली. दुपारपर्यंत आईला बोलत होत्या. आई खाली मान घालून ऐकत होती.

आईनं जन्मात अंडं खाल्लेलं नाही. वासानंसुद्धा तिला मळमळतं. तरी पदर नाकाला लावून मला कांदा चिरून द्यायची, हे लक्षात ठेवा.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा काकू माझ्यापाशी आल्या. इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली.

"पव्या, त्या तव्यावर डोसा सुटतो का रे चांगला?"

*

भरलेलं ऑम्लेट सोपं आहे. लोकं उगाच सगळं अंड्यात कालवतात आणि मंग गिचका झाला म्हणून तव्याला शिव्या देतात. सारण आधी वेगळं परतायचं. कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी, थोडा ठेचा. पाणी पार आटू द्यायचं. मंग अंडी मीठ घालून फेटायची, तेल लावलेल्या तव्यावर ओतायची, गॅस बारीक करायचा आणि हात गप ठेवायचे. हात गप ठेवणं हेच अवघड. वरून जरा ओलसर असतानाच अर्ध्या बाजूला सारण पसरायचं, कोथिंबीर टाकायची, चीज असलं तर चीज. दुसरी बाजू उलथण्यानं उचलून वर मिटायची. झालं!

पहिल्यांदा केलं तेव्हा आबा मागच्या दारात पेपर वाचत बसले होते. तोंड पेपरात, नाक माझ्याकडं.

"जाळ कमी कर. कडा करपून राह्यल्यात."

मी कमी केला.

"आता भर सारण. उशीर केला की मिटताना मोडतं."

मी भरलं, मिटलं. बिलकुल मोडलं नाही.

"आबा, तुम्हाला काय माहीत?"

पेपर आणखी वर गेला. "हेडमास्तरला सगळे विषय यावे लागतात."

*

मंग एक दिवस आबा म्हणाले, "डॉक्टरनं प्रोटीन सांगितलंय."

"सोयाबीन खा की."

"सोयाबीननं पोट फुगतं."

"हरभरे?"

"पव्या, आजारी माणसाशी वाद घालू नये."

आबांनी खुर्ची आणली, उंबऱ्याच्या आत ठेवली, आत बसले आणि मान बाहेर काढली. कासवासारखी! दोन्ही हात बाहेर, हातात द्रोण.

मला राहवलं नाही. "आबा, पोट तर आत आहे."

"तोंड बाहेर आहे ना? खाणं तोंडाचं काम. पुढचं माझ्या हातात न्हाई."

द्रोण चाटून पुसून साफ केला. उठताना पाठीवर थाप मारली. "हाताला चव आहे तुझ्या. खोलीचं बघू. पोळा होऊ दे."

पोळा झाला. "दसरा होऊ दे," म्हणाले. दसऱ्याला म्हणाले, "दिवाळी." पण खाऊन राह्यले होते बराबर. मी मूर्ख. मला वाटायचं, माणूस खातोय म्हणजे खोली मिळून राह्यलीय.

*

काकूंचं प्रकरण निराळं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी, एकादशी आली तर ती वेगळी. या सगळ्यातून जे दिवस वाचायचे, त्या दिवशी त्या बरोबर माझ्या टायमाला कोथिंबीर निवडायला मागच्या अंगणात यायच्या. एवढीशी जुडी, पण अर्धा अर्धा तास निवडायच्या.

"पव्या, अंडं नावाला लाव. सारण जास्त भर."

"काकू, सारण बाहेर सांडंल."

"सांडू दे. मी सारणच खाते. आता त्याला अंडं चिकटून आलं तर आपण काय करणार!"

अंडं दर वेळी सगळंच्या सगळं चिकटून यायचं.

"आबांना बोलू नको हं."

"अन् खोलीचं?"

"घालते की त्यांच्या कानावर," असं म्हणून काकू तोंडात बडीशेप टाकायच्या आणि थेट देवघरात जायच्या.

त्यांचा पोरगा गण्या, माझा चुलत भाऊ. संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा. कुणाशी स्पर्धा होती ते कधी कळलं नाही. सुट्टीला आला की द्रोणाचीबी वाट पाहायचा नाही, तव्यावरूनच उचलायचा आणि बोटं चाटत म्हणायचा, "चीज कमी पडलं."

*

पण सगळ्यात भित्रे आमचे पप्पा. ते अंगणातबी यायचे नाहीत. मागच्या बोळात स्कूटर लावायचे आणि हेल्मेट घालून बसायचे. अंबडला हेल्मेट कुणीच घालत नाही. पप्पा फक्त ऑम्लेट खायला घालायचे! काच वर, घास आत, काच खाली. पुन्हा काच वर.

मी म्हणालो, "पप्पा, बँक लुटायला आल्ते का?"

"हळू बोल. आबांनी पाहिलं तर?"

"आबा आत्ताच खाऊन गेले."

पप्पांनी काच खाली केली. आतून आवाज आला.

"मला काही ऐकू न्हाई आलं."

*

आमच्या मागच्या भिंतीपलीकडं कमलमावशी राहतात. त्यांना भिंतीवरून डोकावायचा छंद आहे, आणि भिंत त्यांच्या मानानं बुटकी आहे. एका सकाळी डोकावल्या तेव्हा आबांची मान बाहेर आणि तोंड भरलेलं.

"काय खाऊन राह्यले गुरुजी?"

आबांनी घास गालात सरकवला. "धिरडं. मुगाचं."

भरून मिटलेलं ऑम्लेट लांबून खरंच धिरड्यासारखं दिसतं. आबांचा चेहरा एकदम शांत. मला मनातल्या मनात त्यांचं कौतुक वाटलं.

"आमच्याकडंबी होतंय की असलं धिरडं," कमलमावशी म्हणाल्या. "पण आम्ही त्याची टरफलं नालीत न्हाई टाकत गुरुजी. वास सुटतो."

*

हा किस्सा हसायचा नाही, पण पिशवीत आहे म्हणून सांगतो.

आकाश माझा दोस्त. घर बुद्धविहाराच्या मागं, वडील शिक्षक. त्यांच्या फ्रीजच्या दारात अंडी रांगेनं, सगळ्यांदेखत बसलेली असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फ्रीजचाच हेवा वाटला. त्याची आई ऑम्लेटमध्ये लसूण घालून परतलेली मेथी भरते.

एका सकाळी तो डब्यात तेच घेऊन आला. आबांचं नुकतंच आटपलं होतं, द्रोण अजून पायाशी पडलेला. आकाशनं डबा पुढं केला.

"घ्या काका. आईनं दिलंय."

"न्हाई रे बाबा. आम्ही बाहेरचं खात न्हाई."

"बाहेरचं म्हणून, का आमच्या घरचं म्हणून?"

"छे छे! काहीतरीच काय? अंडं आहे ना त्यात, म्हणून."

आकाशनं डब्याचं झाकण लावलं. एकदम शांतपणे म्हणाला, "काका, मिशी पुसून घ्या. पिवळं लागलंय."

आबा मिशी पुसत आत गेले. आम्ही दोघांनी पत्र्याखाली बसून मेथीचं ऑम्लेट खाल्लं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. अंड्याची बॉर्डर उंबऱ्याशी आहे हे मला माहीत होतं. माणसांची कुठं आहे ते त्या दिवशी पाहिलं.

*

दिवाळी झाली. आता आबांकडं सण उरला नव्हता. मी खोलीचा विषय काढला तर म्हणाले, "रविवारी सगळे बसू. घराचा निर्णय घरानं घ्यावा." मधल्या काळात गण्याची स्पर्धा संपली होती आणि तोबी घरी येऊन बसला होता. त्याला त्याच खोलीत मोबाईल कव्हरचं दुकान टाकायचं होतं.

रविवारी मी सकाळीच शेगडी पेटवली. म्हटलं, आज हात आखडायचा नाही. आबांना चीज डबल. काकूंना सारण भरपूर, आणि त्या दिवशी त्यांचा कुठलाच उपवास नव्हता. पप्पांना बोळात नेऊन दिलं, काच वर करून. गण्याला तव्यावरून. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही असंच धरायचं, पण सगळे तृप्त. आई कांदा चिरत होती. पदराआडून म्हणाली, "देतेन रे. एवढं खाऊन राह्यलेत, का न्हाई देणार?"

दहा वाजता सगळे बैठकीत बसले. आबा मधोमध.

"प्रश्न खोलीचा न्हाई," आबांनी सुरुवात केली. "प्रश्न संस्काराचा आहे. या घराच्या दारावर अंड्याची पाटी लागली तर लोकं काय म्हणतील? आपल्या वाडवडिलांनी..."

इथं त्यांना ढेकर आली. ठेच्याची. अख्ख्या बैठकीत वास फिरला. काकूंनी खिडकी उघडली.

"...वाडवडिलांनी जे जपलं, ते आपणबी जपलं पाहिजे. खोली गण्याला द्यावी असं माझं मत आहे. बाकी ज्याची त्याची मर्जी."

पप्पा म्हणाले, "आबा म्हणतेत त्यात तथ्य आहे."

काकू म्हणाल्या, "अन् वासाचं काय? मला तर बाई उलटीच होते."

माझं डोकं सटकलं. उठून उभा राहिलो.

"ठीक आहे. माझं एकच म्हणणं आहे. मला खोली देऊ नका असं म्हणायचा हक्क त्यालाच, ज्यानं माझ्या हातचं ऑम्लेट कधीच खाल्लं न्हाई. ज्यानं खाल्लं न्हाई त्यानं हात वर करा. देवासमोर करा."

देवघर समोरच होतं. दिवा लावलेला होता.

कुणी हलेना. पप्पांनी आबांकडं पाहिलं. काकूंनी आबांकडं पाहिलं. गण्या मोबाईलमध्ये बघत होता.

आबांनी घसा खाकरला आणि हात वर केला. सरळ, ताठ, वर्गात मॉनिटर करतो तसा. बाहीला कोथिंबिरीचं पान चिकटलेलं होतं.

मंग काकूंचा हात वर गेला. मंग पप्पांचा, अर्धवट, कोपरापासून. मंग गण्याचा, मोबाईलसकट.

आई दाराला टेकून उभी होती. हाताला कांद्याचा वास, पदर खांद्यावर. आबा तिच्याकडं वळून म्हणाले, "तुमचा हात?"

आईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

खोली गण्याला गेली. मी आता जालन्यात दुसऱ्याच्या गाड्यावर अंडी फोडतो.