जोडातला वायसर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. गावाकडे, जतला, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळलेलं नाही.

आठवीत शाळा सोडली. ट्रक चालवत चालवत वर्धा जिल्ह्यात येऊन पडलो आणि इथल्या एका नगरपरिषदेच्या — नाव घेत नाही — फायरब्रिगेडच्या गाडीवर कंत्राटी ड्रायव्हर झालो. ठेवून घेतलं ते साहेबांनी. साहेब म्हणजे आमचे अग्निशमन अधिकारी. जत सांगली जिल्ह्यातलं, म्हणून मला सांगलीकर म्हणायचे. कावीळ झाली तेव्हा तेच मला सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे होतो तोवर डबा त्यांच्या घरून आला. पंप चालवायलाही त्यांनीच शिकवलं. विहिरीत सोडायचा जो पाइप असतो, त्याच्या जोडात रबराचा एक वायसर बसतो, मोठ्या बांगडीएवढा. तो नसला की पंप पाणी ओढत नाही, हवा ओढतो. "डोयानं नाई समजत, सांगलीकर. बोटानं पाह्यजो," म्हणायचे. आणि रोज सकाळी स्वतः जोडात बोट फिरवून बघायचे.

गाड्या दोन होत्या. एक नवी, मोठी. एक जुनी, लहान — पण जुन्या वस्तीच्या बोळात शिरायची ती हीच, आणि कुठल्याही विहिरीतून पाणी उचलायची तीही हीच. नगरपरिषदेच्या अध्यक्षांना खर्च कमी करून दाखवायचा होता. जुनी गाडी निकामी आहे, एवढी एक ओळ साहेबांनी लिहून द्यावी, बास. साहेब लिहीनात. मग रोज फोन, रोज बोलावणं. डिझेलची मागणी टेबलावर पडून राहू लागली. एकदा एक नगरसेवक आमच्यादेखत म्हणाला, "साहेब, गाडी आहे का बायको? सोडूनच नाई राह्यले." साहेब म्हणाले, "बायको एका हाकेत उठत नाई बाप्पा, हे उठते." नगरसेवकही हसला.

शेवटी ठरलं, सगळ्यांसमोर विहिरीवर चाचणी घ्यायची. पाणी ओढलं तर गाडी राहील. नाही तर भंगारात.

इथे मी दर वेळी अडखळतो — मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

आदल्या दिवशी अध्यक्षांचा एक माणूस चहाच्या टपरीवर भेटला. धमकी वगैरे नाही. "गाडी उद्या रुसली तं बरं होईन," एवढंच. मग बशीत चहा ओतत म्हणाला, "कंत्राटाची नवी यादी बनून राह्यली. तुमचं नाव राह्यलं पाह्यजे न?" वायसर कशाला म्हणतात हे त्याला ठाऊकही नसेल. ती युक्ती मी शोधली. भीती होती, हो. पण नुसती भीतीच होती का? मला बघायचंही होतं — हे सांगायला लाज वाटते — की इतका सरळ माणूस चारचौघांत हरला तर काय करतो. कोणावर ढकलतो?

सकाळी साहेबांनी जोडात बोट फिरवलं. विहिरीवर पाइप जोडला तो मी. जोडताना वायसर काढून खिशात टाकला.

इंजिन ओरडत राहिलं. पाणी आलं नाही. जोडापाशी बारीक शीळ वाजत होती. साहेब वाकले, शीळ येत होती तिथे तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

अध्यक्षांनी विचारलं, "दोष कोणाचा, साहेब? गाडीचा का ड्रायव्हरचा? ड्रायव्हरचा असन तं याले आत्ताच घरी पाठवतो. दुसरा आणा, पुन्हा घेऊ चाचणी."

म्हणजे एका शब्दात गाडी वाचत होती.

"गाडीचा," साहेब म्हणाले. "माणूस कामाचा आहे."

मी तिथेच उभा होतो. खिशात वायसर होता.

संध्याकाळी तो परत बसवला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सवयीनं जोडात बोट घातलं. बोट वायसरवर थांबलं. "चालू कर," म्हणाले. केंद्रावरच्या हौदातून पहिल्या झटक्यात पाणी आलं. आम्ही दोघंच होतो. धार बघत राहिले, मग म्हणाले, "बंद कर." त्यांना काय वाटलं असेल — जोडताना सांगलीकरच्या हातून वायसर निसटला? की सगळंच कळलं? कळलं असेल तर कधी, तळहात ठेवला तेव्हा की बोट थांबलं तेव्हा? अजूनही पाइप जोडताना मी हाच हिशेब लावत बसतो.

उन्हाळ्यात जुन्या वस्तीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराला आग लागली. जुनी गाडी बॅटरी काढून आवारात उभी, लिलावाची वाट बघत. मोठी गाडी बोळाच्या तोंडाशीच अडकली. पाइपाला पाइप जोडत आत पोचलो तोवर मशीन, लोकांचे शिवायला आलेले कपडे, छप्पर — काही उरलं नव्हतं. बाई रडत नव्हती. साहेबांना म्हणाली, "आता काऊन आले? राख भिजवाले?"

साहेबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या मागे उभा होतो.

उशिराचा खुलासा त्यांनाच मागितला. बदलीही त्यांचीच झाली. माझं नाव यादीत आलं. मी अजून इथेच आहे.

निघताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. "बोटानं पाह्यजो, सांगलीकर," म्हणाले. रोज म्हणायचे तसंच.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला. गाडी ओढून नेताना फाटक मी धरलं होतं. वायसर तिच्या जोडात होता — जागच्या जागी, घट्ट.