हुकावरची रेघ

थोरलीनं फोटोचं काम सुरू केलं ते कॅमेऱ्यानं नाही, फडक्यानं. स्टुडिओच्या मास्तरांनी पहिले पाच महिने तिला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. ट्रे धुवायचे, काचा पुसायच्या, ओल्या फिल्मा चिमट्यांना टांगायच्या. मास्तर प्रिंट करत असले की शिंकायचंसुद्धा नाही. रसायनानं तिच्या बोटांची टोकं तपकिरी झाली.

"बये, फोटो शिकायला जातेस की भांडी घासायला?" आई विचारायची.

"भांडीच, पण अंधारात."

सहाव्या महिन्यात मास्तरांनी तिच्या हातात ब्लेड दिलं. स्टुडिओ चालायचा तो त्या ब्लेडवर. बटण कुणीही दाबतं. गिऱ्हाईक परत येतं ते चेहऱ्यावरचं नको ते गेलं म्हणून. मास्तरांचा नियम सोपा होता. "प्रिंटवर पांढरा ठिपका दिसला की धूळ समजायची आणि रंग भरायचा. काळी रेघ दिसली की फिल्मवर ओरखडा. ब्लेडच्या टोकानं खरवडायचा, कागदालाही कळता कामा नये. आणि विचार करत बसायचं नाही. विचार केला की हात थरथरतो."

वाया गेलेल्या दोनशे प्रिंटांवर तिनं सराव केला. पहिल्या शंभरांना भोकं पडली. मग हात बसला. इतका बसला की एकीकडे बोलता बोलता ती दुसरीकडे एखाद्याच्या कपाळावरच्या आठ्या काढून टाकायची आणि काय काढलं हे तिला नंतर सांगता यायचं नाही. मास्तर खूश होते. हात असाच चालला पाहिजे, म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी ती मास्तरांचा जुना कॅमेरा मागून न्यायची आणि बाबांच्या कारखान्यात फिरायची. तिथं अवजड यंत्रं बनत. बाबांचं काम क्रेनखालचं. तारेच्या दोरानं ओझं बांधायचं, दोर हुकात अडकवायचा आणि वरच्या क्रेनवाल्याला हातानं इशारे द्यायचे. सत्तावीस वर्षांत बाबा ओझ्याखाली एकदाही उभे राहिले नव्हते. ओझ्याशेजारी मात्र रोज उभे राहायचे. वरून काही सुटलं तर या दोन जागांत फारसा फरक नसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यावर कुणी बोलायचं नाही.

तिनं आणलेले फोटो मास्तरांनी उलटसुलट करून पाहिले. गाठ मारणारे हात, तेलकट पायऱ्या, डब्यावर बसून पेंगणारा माणूस.

"यात हसतंय कोण?"

"कुणीच नाही."

"मग विकत घेणार कोण?"

तिनं फोटो पुन्हा पिशवीत भरले. पण लग्नातली हसरी तोंडं बघून तिला कधी वाटलं नव्हतं ते या हातांकडे बघून वाटायचं. ती काढत राहिली. त्यातला एक फोटो क्रेनवाल्यानं आपल्या केबिनमध्ये चिकटवला. तिथं तो मॅनेजरच्या नजरेस पडला आणि तिला बोलावणं आलं. बाहेरच्या गिऱ्हाइकांना दाखवायला कारखान्याची पुस्तिका छापायची होती. बारा फोटो हवे होते. जमले तर कायमची नोकरी आणि प्रिंट करायला स्वतःची अंधारखोली. थोरली एकवीस वर्षांची होती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

चार दिवस ती खपली. हुकाच्या फोटोसाठी शिडीनं वर चढली, पट्ट्यानं स्वतःला कठड्याशी बांधून घेतलं आणि छताच्या काचेतून उजेड हवा तसा पडेपर्यंत दोन तास तशीच थांबली. दोन फोटो घेतले. त्यातला पहिला प्रिंट केला. असा फोटो तिला आजवर जमला नव्हता. माणसाच्या धडाएवढा हुक, त्याच्या अंगावरचा प्रत्येक घाव दिसत होता. फक्त हुकाच्या पोटात, जिथं दोर बसतो तिथं, नखाएवढी काळी रेघ होती. केसासारखी बारीक.

"फिल्म वाळत घालताना घासली वाटतं," ती स्वतःवर चरफडली. ब्लेड घेतलं. अर्ध्या मिनिटात रेघ गेली. मॅनेजरनं दारावर लावायला मोठा प्रिंट मागितला, त्यात ती पुन्हा आली. तिनं ती पुन्हा काढली, आणि हात चालला तसे आजूबाजूचे घावही.

मोठा फोटो कारखान्याच्या दारावर लागला. क्रेनवाला कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला. "काय पोरी, माझ्या लग्नातसुद्धा मी इतका गुळगुळीत दिसलो नव्हतो!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. संध्याकाळी घरी हात धुताना एवढंच म्हणाले, "आमचा हुक इतका तरुण नाही गं."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. पण कौतुकाचे दिवस होते. त्या आवाजाकडे तिनं लक्ष दिलं नाही.

सोमवारी अकरा वाजता कारखान्यातलं आजवरचं सर्वांत जड धूड उचलायचं होतं. बाहेरचे पाहुणे बघायला येणार होते आणि फोटो तीच काढणार होती. सकाळी नऊला ती स्टुडिओत फिल्म घ्यायला गेली. हाताशी वेळ होता म्हणून तिनं हुकाचा दुसरा फोटो प्रिंटला घातला. आजवर तो कागदावर उतरवलाच नव्हता. या फोटोत हुक थोडा फिरला होता आणि चौकटीच्या उजव्या कडेला सरकला होता.

ट्रेमध्ये चित्र उमटत गेलं. आधी कडा, मग वाकण, मग पोट. पोटात काळी रेघ.

तिनं सवयीनं ब्लेड उचललं. हात अर्ध्यावरच थांबला.

पहिल्या फोटोत हुक मधोमध होता, या फोटोत कडेला. फिल्मवर एकाच जागी पडलेला ओरखडा हुकाबरोबर कसा सरकेल? रेघ फिल्मवर नव्हतीच. रेघ हुकावर होती.

कारखाना वीस मिनिटांच्या वाटेवर होता. ओला प्रिंट हातात आणि पुस्तिकेच्या सगळ्या फिल्मा पिशवीत घेऊन ती आठ मिनिटांत पोचली. मॅनेजर पाहुण्यांबरोबर चहा घेत होता. त्याला बाजूला घेऊन तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं ओला प्रिंट पाहिला, मग दारावरचा मोठा फोटो पाहिला.

"यात तर काही नाही."

"साहेब, ते मी काढून टाकलंय."

"म्हणजे आधी रेघ काढलीस, आता घातलीस? तुझा कुठला फोटो खरा धरू मी?" आवाज चढवायची त्याला गरजच पडली नाही. "हे असलं आज बोलू नकोस. ही नोकरी तुला हवी आहे ना?"

हवी होती. इतकी हवी होती की तिनं प्रिंट खाली केला. समोर बाबा चौथा दोर ताणून बघत होते. हुक त्यांच्या डोक्यावर दोन हात होता.

ती सरळ त्यांच्याकडे गेली. बाबांनी प्रिंट उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"दारावरच्या फोटोतून तू खरवडलंस?"

"हो. दोनदा."

"का?"

"ओरखडा वाटला, बाबा. बघितलंच नाही मी. हातानंच केलं."

बाबांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी वर इशारा करून हुक पार जमिनीपर्यंत उतरवायला लावला आणि फोरमनकडे रॉकेल आणि खडूची पूड मागितली.

"आत्ता?" फोरमन म्हणाला. "पाहुणे दारात आलेत. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!"

"मग तू उभा राहा माझ्या जागेवर. मी चहा घेतो."

फोरमन निमूटपणे रॉकेल घेऊन आला. बाबांनी हुकाच्या पोटावरचं ग्रीस आधी पुसून काढलं. घाईघाईनं नाही, तीन फडकी बदलून. रॉकेल चोळलं, मुरू दिलं, कोरडं पुसलं. वरून खडू लावला. तडा असला तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडू ओला होतो. नसला तर खडू पांढराच राहतो. थांबण्यापलीकडे यात काही करता येत नाही.

पाच मिनिटं गेली. खडू पांढराच होता. मॅनेजर घड्याळ बघत पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. दहा मिनिटं झाली. फोरमननं सुस्कारा टाकला. "झालं समाधान?"

तेवढ्यात थोरलीला ती दिसली. तिचे डोळे असल्या गोष्टींसाठीच तयार झाले होते. नखाएवढी करडी रेघ. मग ती बोटाएवढी झाली, आणि थांबली नाही. हुकाच्या पोटावरून वळून पाठीकडे गेली. बाबांनी वीत लावून पाहिली. वीत पुरली नाही.

क्रेनवाला वरून सगळं बघत होता. तो केबिनचं दार उघडून शिडीनं खाली उतरला आणि गुळगुळीत फोटोवर कसलाही विनोद न करता भिंतीला टेकून बसला. मॅनेजर पाहुण्यांना घेऊन ऑफिसकडे वळला. जाता जाता थोरलीजवळ थांबून हळू आवाजात म्हणाला, "तुझे फोटो घेऊन जा. सगळे."

अंधारखोली गेली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बाबांनी हात पुसले आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "बाकीच्या अकरा फोटोंतून काय काय काढलंस?"

ती आठवायला लागली. दुसऱ्या क्रेनचा फोटो होता. तिसऱ्या क्रेनच्या साखळीचा होता. दाबयंत्राच्या खांबांचाही होता. प्रत्येकावर ब्लेड फिरलं होतं, एवढं नक्की आठवत होतं. कुठं फिरलं ते आठवत नव्हतं. हात चालला होता आणि डोळा भलतीकडेच होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

शेडच्या पलीकडच्या टोकाला दुसरी क्रेन घरघरत ओझं वर घेत होती. तिच्याखाली चार माणसं होती. तिथं अजून कुणाला काही कळलं नव्हतं. बाबा हात वर करून ओरडत तिकडे निघाले. थोरली त्यांच्या मागे धावत निघाली. पिशवीतून फिल्मांच्या पट्ट्या काढून ती एकेक पट्टी छताच्या उजेडाकडे धरत होती, आणि धावत्या हातात फिल्म काही केल्या स्थिर राहत नव्हती.