गाठीएवढी वाट

"भाऊ, हे न्हाणीत पडलेत, दार उघडत नाय..." जुबेदावहिनींचा फोन आला तेव्हा मी पळसदरीला एका बंगल्याच्या स्लॅबवर होतो. कर्जतला पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी पहारीने दार फोडलं होतं. आत उघडणारं दार. त्याच्यामागे रशीद आणि त्याची चाकांची खुर्ची, दोन्ही आडवी. बाहेरून जितका जोर लावावा, तितकं दार रशीदच्याच अंगावर जात होतं. ते घर मी बांधलेलं.

रशीद माझा शाळेपासूनचा मित्र. साजगावच्या कारखान्यात पाठीवर गर्डर पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली! खिशात एक सुतळी असायची, खुर्चीच्या रुंदीवर गाठ मारलेली. कुणाच्या तरी टेंपोतून माझ्या साइटवर यायचा आणि गवंड्यांदेखत चौकटीला सुतळी लावायचा. "दत्ता, या गाठीएवढी तरी वाट ठेव रं. आज माजी पाळी हाय, उद्या तुजी." गवंडी हसायचे. मीही हसायचो. पायरीशेजारी उतार, न्हाणीत धरायला दांडा, बसल्या जागी हाताला येतील अशी बटणं... बांधकामाच्या नियमावलीत सगळं लिहिलेलं आहे. माझ्याकडे ती कपाटात होती, रशीदने ती वाचली होती.

त्याचं घर बांधताना मी दारं रुंद ठेवली, उंबरे गाळले, वर चारचौघांत मिरवलंही. एकच राहिलं. "न्हाणीचं दार भायेर उघडव," तो म्हणाला होता. आमच्याकडे ते आतच उघडतं. बाहेर उघडलं तर ओलं दार घरात ठिबकतं. मी तेच ऐकवलं. तो गप्प झाला. रशीद गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला वाटलं, पटलं त्याला.

रशीदच्या चाळिसाव्याला गेलो तेव्हा वहिनींनी ती सुतळी माझ्या हातात ठेवली. "बसा, तोंडावर पानी मारून येते," म्हणत त्या भिंतीला धरून उठल्या. त्यांचेही गुडघे आता साथ देत नाहीत. न्हाणीला नवं दार होतं. मयतीनंतर तिसऱ्याच दिवशी मीच सुतार पाठवला होता. "जसं होतं तसं बसव," एवढंच त्याला सांगितलं होतं.

दार आतच उघडलं. वहिनी आत गेल्या, कडी लागली. त्या बाहेर येईपर्यंत मी सुतळी मुठीत धरून दाराशी उभा होतो.