एका फेरीत एकच वस्तू

आमची आत्या बाजारातून एका फेरीत दोन वस्तू कधी आणत नसे. सकाळी सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर. घरी येऊन पाणी प्यायची की मग दुधाची पिशवी. जेवणं झाली की डोक्यावर पदर घेऊन डोकेदुखीची गोळी आणायला निघायची. "सारं एकदम आनलं तं संध्याकाळी कोनाले भेटू?" हा तिचा सवाल. माझी ती सख्खी आत्या, पण कडबी चौकामागची आमची अख्खी जुनी वस्ती तिला आत्याच म्हणायची.

मेडिकल, टेलर, चक्की, विहार, सगळं पायी जाण्यासारखं. वाटेत कडुनिंबाची सावली. प्रत्येक फाटकाशी थांबून "जयभीम" घालायचा आणि आत काय शिजतंय याची चौकशी करायची, हा तिचा नेम. मी चौकातून दूध आणायला गाडी काढली की ऐकावं लागे, "पायी फिरनाऱ्याले मानसं भेटतात गा, गाडीवाल्याले सिग्नल भेटते."

मग आत्या विसरायला लागली. आधी दुधावरचा गॅस, मग नावं, आणि एक दिवस स्वतःचं फाटक. मी आणि बायको हादरलो. शहराबाहेरच्या एका नव्या टाउनशिपमध्ये भाड्यानं फ्लॅट घेतला. उंच भिंत, कॅमेरे, रखवालदार. इथं ती हरवणार नाही, असं वाटलं. पहिल्याच आठवड्यात ती सांबार आणायला म्हणून उतरली. गेटबाहेर नुसता हायवे, आत सगळ्या इमारती एकसारख्या. रखवालदारानं फ्लॅट नंबर विचारला, तो तिला सांगता येईना. मला ती गेटजवळच्या बाकावर सापडली. मांडीवर रिकामी पिशवी, डोळे भरलेले. "इथं रस्ता कोनाले इचारू गा? सारे गाडीत बसून चालले." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. महिना संपायच्या आत आम्ही जुन्या घरी परतलो.

पण धास्ती कुठं जाते? ती बाहेर पडली आणि परत आलीच नाही तर? शेवटी फाटकाला कुलूप लावायचं ठरलं. आत्या वारली त्याला आता वर्ष झालं, तरी ती दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही. कुलूप खिशात घेऊन घरी आलो, तर फाटक सताड उघडं आणि आत्या नाही. धावत सुटलो. मेडिकलवाला म्हणाला, "टेलरदादांपर्यंत मीच सोडून आलो." टेलर म्हणाला, "चक्कीवाल्या वहिनी घेऊन गेल्या न भाऊ. घाबरता काहून?" तेव्हा मला कळलं. आत्या गोंधळलेली दिसली की ज्याला दिसेल तो हातातलं काम टाकून उठायचा, "आत्या, मी बी तिकडंच चाललो," म्हणायचा आणि पुढच्या ओळखीच्या दारापर्यंत तिला पोचवायचा. कित्येक महिने हे चाललं होतं. मला कोणी बोललं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं.

विहाराच्या कोपऱ्यावर त्या दोघी येताना दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. मी विहाराच्या पायरीवर बसलो. खिशातल्या कुलपाची लाज वाटली. आत्या माझ्यापुढं थांबली. तिनं मला ओळखलं नाही.

"इथं काहून बसून राहिला बाबू? घर सापडून नाही राहिलं का?" तिनं माझा हात धरला. "चाल, मी बी तिकडंच चालली."

आणि तिनं मला घरी आणून सोडलं.