डाव्या हाताची भिंत

वाईच्या जुन्या पेठांतील एखाद्या घरात न्हाणीच्या दाराशी वीतभर उंचीचा, काळ्या दगडाचा, कडा गोल घासलेला उंबरा दिसला, तर तो धोंडिराम गवंड्यांच्या हातचा समजावा. न्हाणीतले पाणी घरात येता कामा नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. कृष्णेच्या काठी पन्नास वर्षे त्यांनी भिंती उभ्या केल्या, माड्या चढवल्या, खचलेल्या कमानी सावरल्या. पण स्वतःच्या कामाविषयी बोलायची वेळ आली की यांपैकी कशाचाही उच्चार ते करीत नसत. ते फरशीचा उतार सांगत. काम संपले की घरधनिणीकडून एक लिंबू मागून घेत आणि उंबऱ्याच्या आत ठेवून देत. "हात लावू नगा. आपसूक मोरीकडं गेलं पायजे," एवढेच म्हणत, आणि लिंबू सर्वांच्या देखत संथपणे निघून मोरीपाशी जाऊन थांबे. स्नानाला आपल्या परंपरेने दिवसाचे प्रवेशद्वार मानले आहे. त्या द्वाराशी पाण्याने कसे वागावे, याचे चिंतन या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाइतके फार थोड्यांनी केले असेल.

त्यांच्या पत्नीचा, चंद्राबाईंचा, नेम निराळा होता. त्यांचा देव्हारा म्हणजे माजघर आणि न्हाणी यांमधल्या भिंतीतला एक कोनाडा. त्यात सासऱ्यांनी बसवलेले कुलदैवताचे टाक. घराच्या पश्चिमेच्या अंगाला एक अरुंद बोळ आहे, तो मागे परसात उतरतो. परसाकडे जाताना चंद्राबाई त्या बोळाने जात, कारण तेव्हा घर आणि घरातला देव उजव्या हाताला राहतो. परतताना मात्र त्या बोळात त्यांनी कधी पाऊल घातले नाही. डोईवर सरपण असो की कडेवर पोर, आडाच्या कठड्याला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या तीन उंच पायऱ्या चढून त्या आत येत. देवाला डाव्या हाती ठेवून फिरणे म्हणजे अपसव्य. तसे चितेभोवती फिरतात. हे त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते. सासूला तसे वागताना पाहिले, इतकेच. बावन्न वर्षांच्या संसारात तो नेम एकदाही मोडला नाही.

गेल्या माघात चंद्राबाईंच्या उजव्या अंगावरून वारे गेले.

बारा दिवस साताऱ्याच्या दवाखान्यात गेले. मग पंधरा दिवस सांगलीला, मुलाकडे. विश्वजीत तिथे हळदीच्या पेढीवर कामाला. सून संयोगिता स्वभावाने मायाळू. ती प्रत्येक वेळी सासूबाईंच्या बगलेत हात घालून त्यांना न्हाणीत नेई, बसवी, उठवी, आणि कपाळावर कधी आठी येऊ देत नसे. चंद्राबाईंनी तिच्याविषयी वाईट शब्द काढला नाही. त्यांनी फक्त पाणी पिणे सोडले. "तहानच लागत न्हाई बघ," असे त्या म्हणत.

वाईला परतल्यावरही तहान लागली नाही. धोंडिराम सकाळी खाटेशी तांब्या भरून ठेवत आणि संध्याकाळी तेच पाणी तुळशीला घालत. यात काही विपरीत आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला चंद्राबाईंना हुडहुडी भरून ताप यावा लागला. डॉक्टरांनी तपासले आणि स्पष्टच सांगितले. लघवीत पू झाला आहे. रोज दहा-बारा पेले पाणी पोटात गेलेच पाहिजे. पुन्हा असे झाले तर नळी घालून पिशवी लावावी लागेल. "आणि या वयात एकदा पिशवी लागली, की माणूस अंथरुणातून उठत नाही, काका."

घरी आल्यावर धोंडिराम खाटेच्या कडेला बसले.

"का पीत न्हाईस गं?"

"प्यायलं की जावं लागतंय."

"मी हाय की न्यायला."

"म्हणून तर."

चंद्राबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आवं, बावन्न वर्षं तुमच्या म्होरं डोईचा पदर ढळू दिला न्हाई. आता दिसातनं चार बार तुमी माझं लुगडं..." रुग्णाला लाज नसते, असे आपण निरोगी माणसे किती सहज बोलून जातो! देहाचा अर्धा भाग निकामी झालेल्या त्या वृद्धेपाशी स्वतःचे म्हणता येईल असे जे उरले होते, ते हेच होते. आणि त्याच्या रक्षणासाठी तिने तहानेचा बळी देऊ केला होता.

दुसऱ्या दिवशी धोंडिरामांनी छिन्नी आणि हातोडा घेतला आणि आपल्या घरच्या न्हाणीचा उंबरा फोडला. शेजारचे मानसिंग सुभेदार, पलटणीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज ऐकून डोकावले.

"नाना, गावाला उंबरं घालून दिलं आनि सवताच्या घरचा फोडताय व्हय?"

"दगड हलका हाय. पाय जड झालाय," धोंडिराम खाली मान घालूनच म्हणाले.

शौचकूप परसात होता, तिथवर जाणे आता अशक्य. तेव्हा न्हाणीतच कमोड बसवायचा ठरला. "देवाच्या पाठीशी?" एवढेच चंद्राबाईंनी विचारले. धोंडिरामांनी माप घेऊन तो देव्हाऱ्यापासून जितका दूर नेता येईल तितका दूर, मागल्या कोपऱ्यात, दगडी भिंतीला लावून बसवला. चंद्राबाई गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याला त्यांनी संमती मानले. दवाखान्याने दिलेली चार पायांची काठी ओल्या फरशीवर सरकत होती. म्हणून खाटेपासून न्हाणीच्या दारापर्यंत, आणि आत कमोडपर्यंत, डाव्या हाताच्या भिंतीला त्यांनी स्टीलचा पाइप ठोकला. चंद्राबाईंचा डावा हात अजून समर्थ होता. पाइपाला ते स्वतः लोंबकळले. वीस वेळा आत जाऊन आले. शेवटी लिंबू ठेवले. ते मोरीकडे गेले.

चंद्राबाई उठल्या. पाइप धरून, उजवा पाय ओढत, एकेक वीत सरकत आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. कडी लागल्याचा आवाज धोंडिरामांनी ओट्यावर ऐकला. त्यांचे डोळे भरून आले.

"गेली. एकली गेली," ते मानसिंगांना म्हणाले.

"आत जायाला काय हो, नाना! पलटणीत बी आत जाताना कोण अडवत न्हाई. सुटून यायचं कवा, ते इचारा."

दोघेही हसले. मग बराच वेळ गेला.

"झालं का गं?"

"व्हय."

आणखी वेळ गेला. "येतीस न्हवं?"

"येते. तुमी जावा तिकडं."

तिसऱ्या हाकेला उत्तर आले नाही. धोंडिरामांनी दार ढकलले, कडी होती. मानसिंगांनी खांदा लावला, कडीचा कोयंडा उपटून आला, आणि त्या सभ्य माणसाने आत न पाहता तत्क्षणी पाठ फिरवली. चंद्राबाई कमोडपाशी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. डावा हात मागे वळवून त्यांनी पाइप गच्च आवळला होता, बोटे पांढरी पडली होती, लुगडे ओले झाले होते. तासभर त्या तशाच उभ्या होत्या.

जाताना डाव्या हाताला असलेली भिंत येताना उजव्या हाताला येते. इतकी साधी गोष्ट! पण गवंडी काम करतो तो आत तोंड करून. पन्नास वर्षे धोंडिरामांनी प्रत्येक खोली दारातून आत पाहतच बांधली होती. वीस वेळा ते स्वतः आत-बाहेर करून आले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात शाबूत होते. ज्या वाटेने पत्नीला आत धाडले, त्या वाटेने तिला परत आणणारा हात तिच्यापाशी नाही, हे त्यांच्या ओळंब्यात उतरलेच नव्हते.

त्या दिवसापासून चंद्राबाईंनी खाटेशी ठेवलेला तांब्या पालथा घालायला सुरुवात केली. ओठांना भेगा पडल्या. सांगलीहून विश्वजीतचा फोन आला. "आण्णा, आता हट्ट सोडा. नळी घालू या. आईचे हाल मला बघवत न्हाईत." धोंडिराम म्हणाले, "दोन दिस दे." काय करण्यासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"समोरच्या भितीला बी पाइप लावतो," त्यांनी चंद्राबाईंना सांगितले.

"लावा की."

"ती भित कच्च्या इटांची हाय. वजन पेलायचं तर बोल्ट आरपार काढावं लागतील."

"आरपार म्हंजे कुठं निघतील?"

चंद्राबाईंची दृष्टी देव्हाऱ्याकडे गेली.

"देव दोन हात सरकवू," ते घाईने म्हणाले. "कोनाडा नवा करतो. संगमरवरी करतो."

"मामंजींनी बसवल्यात त्या जाग्यावर. माझ्या हागण्यामुतण्यापायी देव उठवायचं? त्यापरीस मला उचला की!"

आयुष्यात एवढे कठोर त्या कधी बोलल्या नव्हत्या. धोंडिराम उठून न्हाणीत गेले आणि फरशीवर बसून राहिले. मधे खांब उभा करावा तर जागा नाही. दोर बांधावा तर तो झोल खातो. कमोड फिरवावा तर दार उघडत नाही. वस्तूंशी ज्याने आयुष्यभर मैत्री केली, त्याच्याशी त्या दिवशी एकही वस्तू बोलेना. कोपऱ्यात ते लिंबू तसेच पडले होते, सुकून तपकिरी झालेले. त्यांनी ते उचलले आणि निरुद्देशपणे दारापाशी ठेवले. लिंबू निघाले, मोरीपाशी गेले, थांबले.

पाणी ज्या दाराने आत येते त्या दाराने परत जात नाही. त्याला पुढची वाट दिलेली असते.

धोंडिरामांनी घण घेतला आणि न्हाणीची मागली भिंत, कमोडच्या पलीकडे, डाव्या कोपऱ्यात फोडायला घेतली. दगडी भिंत, वय चौऱ्याहत्तर. मानसिंग बाही सारून मदतीला आले. "ह्या वयात घराला पळवाट पाडताय, नाना, कुणाचं काय घेऊन पळायचं हाय?" धोंडिरामांना हसू आले नाही. भिंतीत दार पाडून झाले, न्हाणीचा उपटलेला कोयंडा पुन्हा ठोकला, बाहेरच्या भिंतीला परसात पाइप लागला. कोपरा वळून तो बोळात शिरला आणि बोळभर घराला धरून पुढल्या ओट्यापर्यंत, आणि तिथून पुढल्या दाराने आत खाटेपर्यंत आला. स्वयंपाकघराचे दार जवळ होते. पण ते उजवीकडे, तिकडे वळले की भिंत पुन्हा मेलेल्या हाताला, आणि उतार करावा तर आडाचा कठडा आडवा येत होता. पुढल्या ओट्याच्या पायऱ्या त्यांनी बुजवल्या आणि तिथे सिमेंटचा उतार केला. जन्मभर पाण्यासाठी केलेला उतार पहिल्यांदाच माणसासाठी.

वाट कशी जाते हे चंद्राबाईंनी खाटेवरून ऐकले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे बोळातनं यायचं."

"व्हय."

"देव डाव्या हाताला."

"व्हय." धोंडिराम खाटेशी टेकले. "एक तर भितीत बोल्ट, न्हाईतर ही वाट. तिसरं मला सुचत न्हाई गं. तू सांग."

चंद्राबाई देव्हाऱ्याकडे पाहत राहिल्या. नमस्काराला दोन हात लागतात. त्यांनी डावा तळवा छातीशी नेला आणि तसाच ठेवला.

"चितेभवती फिरत्यात तसं फिरायचं, रोज चार बार."

"तसं नगं म्हणू."

"म्हणू द्या. मेल्यावर पोरगं फिरलंच असतं. मी जित्तेपणी फिरून बघते, जमतंय का." मग म्हणाल्या, "तुमी म्होरल्या ओट्यावर बसा. रस्त्याकडं तोंड करून. मागं वळायचं न्हाई. हाक मारायची न्हाई."

ते बसले. डाव्या मनगटातल्या काचेच्या बांगड्या पाइपावर वाजत होत्या. चंद्राबाई कुठे आहेत हे तेवढ्यावरून कळत होते. माजघर. न्हाणी. कडी लागली. मग सारे शांत झाले, आणि ती शांतता त्यांना आठ दिवसांपूर्वीच्या त्या शांततेहून वेगळी वाटेना. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या आवाजात पुढचे काही ऐकू येईनासे झाले. ट्रॅक्टर दूर गेल्यावर कान देऊन पाहिले. बांगड्या परसात वाजत होत्या. कोपरा. बोळ. बोळाच्या मध्यावर आवाज थांबला. धोंडिराम अर्धवट उठले. बसले. पुन्हा उठले. चंद्राबाईंना शब्द दिला होता म्हणून पुन्हा बसले. तळहात दगडावर टेकवून त्यांनी डोळे मिटले.

एक बांगडी वाजली. मग दुसरी.

उतारावरून त्या वर आल्या तेव्हा घामाने चिंब झाल्या होत्या. डावा पाय सुजून घोट्यापाशी गोल झाला होता, आणि पाइप सोडलेला हात सारखा थरथरत होता. त्या एका हातावर आणि एका पायावर हे सारे उभे आहे, आणि तेही किती काळ, हे धोंडिरामांनी एका दृष्टिक्षेपात ओळखले. भिंत कधी पडणार ते ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

चंद्राबाई ओट्यावर टेकल्या. धाप ओसरेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पाणी द्या," त्या म्हणाल्या.

धोंडिरामांनी तांब्या भरून आणला. चंद्राबाईंनी तो तोंडाला लावला आणि मधे श्वास न घेता, गळ्यावरून ओघळ येईपर्यंत, रिकामा केला.

"आता परत जावं लागंल," धोंडिराम हळूच म्हणाले.

"जाईन." त्यांनी रिकामा तांब्या पुढे केला. "अजून द्या."