आत घेतलेला कोट

धुकं असं दाट उतरलं होतं की रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. दमट हवेत मशीनचा पट्टा ढिला पडायचा. शिंपीदादांनी आधी तो ताणून बसवला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि कालची अर्धवट विजार सुईखाली सरकवली. तेवढ्यात मेहुणी आली. बगलेत बायकोचा तपकिरी कोट. बायको जाऊन चार महिने झाले होते.

“दाजी, ताईचा कोट मी वापरते म्हटलं, तर कमरेत शिरतच नाही. सैल करून द्या.”

“खातेस किती, ते बघ आधी.”

“मारा टोमणे! दोघी एका मापाच्या होतो आम्ही. थंडीत आलटून पालटून घालायचो हा.”

दादांनी कोट उलटा केला. बाजूला शिवणीच्या तीन ओळी, एकीच्या आत एक. तिन्ही त्यांच्याच हातच्या. कॅन्सरनं बायको झडत चालली, तेव्हा दुपारी तिचा डोळा लागला की ते कोट दुकानात आणायचे, बोटभर आत घ्यायचे आणि गुपचूप खुंटीला अडकवायचे. कोट अंगाबरोबर बसला म्हणजे तिला वाटेल, आपण होतो तशाच आहोत. केवढी हुशारी वाटली होती तेव्हा!

दवाखान्यातली नर्सबाई दर खेपेला विचारायची, “मनाला किती जड वाटतंय? शून्य ते दहा, सांगा.” बायकोनं तोंड उघडायच्या आत दादाच म्हणायचे, “शून्य! वाघीण आहे आमची.” बायको हसायची. नर्सबाई शून्य लिहायची.

“तिला कळलं नाही कधी,” ते पुटपुटले.

मेहुणी त्यांच्याकडे बघत राहिली. “दाजी, खिशात हात घाला.”

बोटं गेली, पंजा अडकला. बाजूची शिवण घेता घेता खिशाचं तोंडच आवळलं होतं. तीस वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

“पहिल्याच खेपेला कळलं तिला. म्हणायची, हे काही बोलत नाहीत म्हणजे फार घाबरलेत गं, मी रडले तर पार कोसळतील. तुम्ही औषधं आणायला गेलात की माझ्या खांद्यावर रडून घ्यायची. एकदा विचारलं, खरा आकडा काय? तर म्हणाली, नऊ.”

“मग मला का नाही...”

“बोलू दिलंत तुम्ही?”

नव्हतं दिलं. एकदा ती इथेच, दारातल्या स्टुलावर बसून म्हणाली होती, “अहो, मला ना...” त्यांनी “काही होत नाही तुला” म्हणत पायडल दाबलं होतं. मशीन थांबलं तोवर ती उठून गेली होती. ‘मला ना’च्या पुढे काय, ते विचारायचंही राहून गेलं.

दादांनी कोट मांडीवर ओढून घेतला.

“उद्या येऊ?” मेहुणीनं हळूच विचारलं.

“संध्याकाळी ने. खिसाही मोठा करतो.”

ती गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, विजार बाजूला ठेवली आणि ब्लेडनं कोटाची शिवण उसवायला घेतली. टाके बारीक होते, घट्ट होते. वेळ लागणार होता.